स्क्रीन हिरवीच होती

शिरवळला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. चार खुर्च्या, एक कुरकुरणारा कूलर आणि भिंतीवर मोठी स्क्रीन. आम्ही पाण्याच्या टँकरच्या ठेकेदारांसाठी एक ॲप चालवायचो. गावाने मागणी नोंदवायची, ड्रायव्हरच्या फोनवर गावांची यादी जायची. सगळं क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या भाड्याच्या मशीनवर. ते मशीन धडधाकट आहे ना, यावर नजर ठेवणं माझं काम. काही बिघडलं की माझ्या फोनवर अलर्ट यायला हवा, ही सोय मीच केली होती.

माझं आजोळ जत तालुक्यातलं. मामाचं गावही आमच्या ॲपवर होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता. "आता टँकरसाठी कुणाच्या दारात जायला नको," असं मीच मामाला सांगून आले होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुरुवातीला मी हौसेने ढीगभर अलर्ट लावले. मशीनला जरा कुठे धाप लागली की फोन बोंबलायचा. शेजारच्या खुर्चीवर माण तालुक्यातला एक सहकारी बसायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "आवं म्याडम, आमच्याकडं कुत्रं एवढं भुकाय लागलं तर लोक लांडगा न्हाई बघत, कुत्र्यालाच धोंडा मारत्यात." सगळे हसले. मी अलर्ट छाटून सातावर आणले आणि स्वतःला शहाणी समजले.

पण खरी चूक वेगळीच होती. अलर्ट पाठवणारा प्रोग्राम मी त्याच मशीनवर ठेवला होता. एवढ्याशा कामाला दुसरं मशीन कशाला, असं मीच म्हणाले. ज्याची राखण करायची त्याच्याच पोटात राखणदार बसवला.

ऐन मे महिन्यात त्या मशीनची डिस्क भरली. नव्या मागण्यांची नोंद होईना. जुनी यादी मात्र नीट दिसत होती, म्हणून टँकर जुन्याच गावांना जात राहिले. अलर्टचा प्रोग्रामही त्याच भरल्या डिस्कवर गुदमरला. आणि भिंतीवरची स्क्रीन शेवटचं चित्र धरून बसली. सगळं हिरवं, म्हणजे सगळं ठीक. कोपऱ्यात वेळही थांबलेली होती. चार दिवस मी त्या स्क्रीनसमोर चहा प्यायले आणि ती वेळ एकदाही वाचली नाही.

गावांकडून एकही फोन आला नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं झ्याक, असं मी धरून चालले होते. मी त्या भागातली भाची, मला तरी कळायला हवं होतं. जतकडे टँकर न येणं ही बातमीच नसते. लोक हंडे रांगेला लावतात आणि बसून राहतात.

चौथ्या दिवशी एका ड्रायव्हरचा फोन आला. "म्याडम, चार दिस झालं मी त्याच त्या गावास्नी पानी घालतोय. बाकीची गावं मेली का काय?"

बिघाड वीस मिनिटांत निघाला. वीस मिनिटांचं काम. हेच मला अजून पचत नाही.

नंतर मी अलर्टचा प्रोग्राम वेगळ्या मशीनवर नेला. तासभर एकही नवी मागणी आली नाही तरी फोन वाजेल, असा नियम घातला. साहेबांनी कौतुक केलं. अडकलेल्या मागण्यांत मामाच्या गावाचीही होती. मी त्या शनिवारी एसटी पकडून मामाकडे गेले.

मेंढ्या कोंडायची जाळी, वाघूर म्हणतात तिला, गुंडाळून भिंतीशी ठेवली होती. तेरा माडग्याळी मेंढ्या होत्या, त्यातल्या दोन गाभण. टँकर न आल्याच्या तिसऱ्या दिवशी मामाने सगळ्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढवल्या होत्या.

"मान्सं कळ काढत्यात," मामा म्हणाला. "मुकं जनावर किती काढंल? डोळ्यादेखत मरन्यापरीस बाजार दाखवला."

मला रडू फुटलं, आणि रडण्याच्या जोरावर मी त्याच्यावरच खेकसले. "मग मला फोन का न्हाई केला मामा? एक फोन करायचा हुता!"

"गाव म्हनत हुतंच की, भाचीला फोन कर म्हनून. मीच न्हाई म्हनलं." मामाने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "म्हनलं, माझी भाची दिसभर त्येच बघत बसलीया. कायबी बिघडलं आसतं तर तिला आपल्या आदी कळलं आसतं. पर पानीच नसंल, तर ती पोर तरी काय करंल? उगं तिच्या जिवाला घोर कशाला?"

मी तांब्या उचलला.

"पानीच नव्हतं न्हवं गं?" त्याने विचारलं.

"व्हय मामा," मी म्हणाले. "पानीच नव्हतं."

तो अजून गावाला तेच सांगतो.