आडनावापुरती ओळख

मुलीने फोनवर फोटो दाखवून पुण्यातलं घर ठरवलं, तेव्हा मी एकच विचारलं, खिडकीतून नदी दिसते का. ती म्हणाली, "अम्मी, नदीच दिसते. दुसरं काही दिसतच नाही."

त्या वर्षी हे एसटीतून निवृत्त झाले होते, मी त्याच्या आदल्या वर्षी शाळेतून. चौतीस वर्षं सोलापूरच्या एकाच शाळेत मी मराठी शिकवलं. दोघं मिळून कधी कुठे राहायला म्हणून गेलो नव्हतो. मुलगी म्हणाली, आठवडाभर कुठेतरी जा, मी बघते सगळं. तिच्या मनात महाबळेश्वर होतं. मी शनिवार पेठ म्हटलं. सात वर्षांची होईपर्यंत मी तिथे वाढले होते. नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात अब्बांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. धरणं फुटून पूर आला त्या पावसाळ्यात ते सगळं गेलं आणि आम्ही सोलापूरला मामाकडे आलो. त्यानंतर पुण्याला लग्नाकार्याला जाणं झालं, पण त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऑगस्टचा पाऊस तिरपा लागला होता. घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर थांबत, भिजलेल्या बॅगा ठेवत उचलत वर गेलो. दारात मालकीणबाई किल्ली घेऊन उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, खालच्याच मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. हे घर त्यांच्या परदेशातल्या मुलाचं.

"सोलापूरहून ना? उशीर केलात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून हसल्या. "टिकली पडली वाटतं तुमची पावसात."

मी कपाळाला हात लावला. "हो, पडली असेल," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. आमचं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर' लागणारं. मुलीने घर ठरवताना तेवढंच सांगितलं होतं. माझी मराठी शाळेतली, धुतल्या तांदळासारखी, असं हेडमास्तर म्हणायचे. बाईंना शंका यायचं काही कारण नव्हतं. खरं म्हणजे मलाही ते बोलायचं काही कारण नव्हतं. टिकली मी लावत नाही, एवढं सांगून भागलं असतं.

त्या गेल्यावर हे बूट काढत म्हणाले, "पाऊस कपाळावरून फक्त तुझीच टिकली नेतो होय?" गाद्या दमट होत्या, उशांना ओल्या भिंतीचा वास होता. मी खुर्च्यांच्या पाठीवर कपडे पसरले, पंखा मोठा केला, चहाचं आधण ठेवलं. काडेपेटीच्या सात-आठ काड्या सादळलेल्या निघाल्या. फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. त्यात ओल्या छत्र्या बाहेर ठेवण्यापासून मांसाहार न शिजवण्यापर्यंत सगळं होतं. आम्ही तसंही बाहेरगावी खिचडीवर भागवतो. पण तो कागद वाचल्यावर आम्ही दोघं आपापसात, नकळत, मराठीत बोलायला लागलो. घरात आम्ही कधी तसं बोलत नाही.

खिडकीतून खरंच नदी दिसत होती. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, त्यामुळे गढूळ, भरून चाललेली. नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली होता आणि त्याच्या तोंडाशी पोलिसांनी दोर बांधला होता. तरी माणसं छत्र्या घेऊन दोराला टेकून पाणी बघत होती. माझ्या लहानपणी घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही दुकानातले कातरलेले कागद घेऊन होड्या करत बसायचो. त्या पायऱ्या कुठे असतील, याचा अंदाज मला त्या खिडकीतून लागेना.

दुसऱ्या दिवशी बाई चहाला वर आल्या, सोबत अळूवड्या घेऊन. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्या मला 'बाई' म्हणायला लागल्या आणि मी त्यांना 'ताई'. त्यांचं बोलणं कोरडं, पण मजेशीर होतं. मी लहानपणी इथे राहिले होते, एवढं मी सांगितलं. "माझे वडील इथेच कामाला होते," असं मी म्हणाले. अब्बा हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. त्या खूश झाल्या. "मग उठा की! पाऊस थांबलाय. मी दाखवते तुम्हाला तुमची पेठ."

हे गुडघ्याला तेल चोळत घरीच थांबले. आम्ही दोघी निघालो. ओंकारेश्वरापर्यंत गेलो, तिथून पाण्याच्या कडेने जेवढं जाता येत होतं तेवढं गेलो. ताई प्रत्येक इमारतीकडे छत्रीने दाखवत सांगत होत्या, इथे कोण राहायचं, ते कोणी विकलं, कुणाच्या मुलांनी भांडण काढलं. मग एका जुन्या दगडी भिंतीपाशी थांबून त्यांनी छत्री डोक्याच्याही वर उंच धरली. "इथपर्यंत होतं पाणी. मी आठ वर्षांची होते. आम्हाला शाळेत नेऊन ठेवलं होतं, महिनाभर. तुम्ही?"

"मी सात. आम्ही एका गच्चीवर होतो."

त्यांनी माझा दंड धरला. "बघा, म्हणजे आपण दोघी एकाच पाण्यातून निघालेल्या."

मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढे तो बोळ आला. मी ओळखला तो वळणावरून, बाकी सगळं नवीन होतं. अब्बांच्या दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. अब्बांचा शिकंजा, म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं ते लोखंडी यंत्र, जिथे असायचं तिथे आता काउंटर होता. मी थांबले, म्हणून ताईही थांबल्या.

"इथे एक बाइंडर होता," त्या म्हणाल्या. "मुसलमान. काम चांगलं करायचा. माझे आजोबा वैद्य होते. त्यांच्या हाताने लिहिलेल्या औषधांच्या नऊ वह्या वडिलांनी त्याच्याकडे बांधायला दिल्या होत्या. पूर आला आणि हा जो पळाला तो पळालाच. सगळ्या गिऱ्हाइकांची पुस्तकं घेऊन. वडील मरेपर्यंत म्हणायचे, वह्या त्याने कुणातरी वैद्याला विकल्या. त्या लोकांचं काय सांगावं."

मी त्या दुकानात लटकवलेली रंगीत कव्हरं बघत होते. मुलांना मी वर्गात सांगत आले होते, बोलायचं तेव्हा बोला. आणि मी म्हणाले, "पुरात कुणाचं काय राहिलं असेल, ताई."

"छे हो," त्या म्हणाल्या, "चला, पाऊस येतोय."

परत आल्यावर यांना सांगितलं. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग आमच्या घरच्या बोलीत, आवाज न लपवता म्हणाले, "तिने माहीत नसताना शिवी दिली. तू माहीत असून ऐकून घेतलीस." लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण इतकं लागेल असं ते मला कधी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा निरोप आला, पोलिसांसाठी आधार कार्डाच्या झेरॉक्स द्या, राहूनच गेलं. मी दोन्ही कागद घेऊन स्वतः खाली गेले. त्यांनी चष्मा लावला. वरचा कागद वाचला, खालचा वाचला, पुन्हा वरचा वाचला. आत कुकरची शिट्टी झाली. त्या गॅस बंद करून आल्या आणि म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का हो?"

"काय सांगायचं?"

"तसं नाही. माझ्या मनात काही नाही. पण सांगायचं."

"मग आता सांगते," मी म्हणाले. उभ्यानेच बोलले, कारण त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. "तो बाइंडर माझे वडील. ते पळाले नाहीत. पाणी ओसरल्यावर त्यांनी चिखलातून पुस्तकं काढली, हातगाडीवर घातली. त्या दिवसांत ऊन नव्हतं, म्हणून कोळशाची इस्त्री मागून आणली आणि एकेक पान इस्त्री करून वाळवत बसले. आम्ही मुलं पानं धरायचो. छापलेलं थोडं शाबूत राहिलं. ज्यांची घरं सापडली त्यांना त्यांनी नेऊन दिलं. हाताने लिहिलेल्या वह्यांची शाई धुऊन गेली होती. वाळल्यावर सगळी पानं कोरी. त्या कुणाच्या ते त्यांना माहीत होतं. तीनदा शोधायला गेले. तुमचं घर पडलेलं होतं, तुम्ही शाळेत होता म्हणता, कुठल्या शाळेत ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सोलापूरला ते पुढे वीस वर्षं जगले. पुस्तकाला हात लावला नाही. गिरणीत कामाला लागले."

हे सगळं मी स्वच्छ, न अडखळता बोलले. वर्गात बोलावं तसं. बोलताना वाटत होतं, आता ताईंचे डोळे भरतील, आता त्या पुन्हा माझा दंड धरतील.

ताईंनी झेरॉक्सची घडी घातली. "असेल," त्या म्हणाल्या.

मी थोडा वेळ थांबले. त्या कुकरकडे वळल्या, तेव्हा वर आले.

त्यांनी आम्हाला जायला सांगितलं नाही. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. उरलेले चार दिवस आम्ही तिथेच राहिलो. पाऊस सतत पडत होता. मी यांना रिक्षाने मंडईत नेलं, मक्याची कणसं आणली, खिडकीत बसून खाल्ली. ताईंशी जिन्यात दोनदा गाठ पडली. दोन्ही वेळा "पाणी येतंय ना वर?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मीही "येतंय" म्हणाले. चहा नाही, अळूवड्या नाहीत. त्यांच्या पाणी विचारण्यात कसलाही राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.

त्या बोळात मात्र मी रोज गेले. कव्हरांच्या दुकानदाराने तिसऱ्या वेळी विचारलं, "मॅडम, कुठल्या मॉडेलचं पाहिजे?" मी म्हटलं, इथे पूर्वी बाइंडिंगचं दुकान होतं. तो म्हणाला, "आम्ही आलो तेव्हा तर गोडाऊन होतं," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

निघायच्या दिवशी किल्ली ताईंच्या हातात द्यावी म्हणून मी त्यांची बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता. आवाज कमी झाला, पण दार उघडलं नाही. हे म्हणाले, "राहू दे." मी किल्ली दाराच्या कडीला अडकवली आणि आम्ही एकेका मजल्यावर थांबत खाली उतरलो.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, मजा आली का. हे म्हणाले, पाऊस फार होता. थोरल्या भावाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं तिथे जायला?" त्यालाही त्या कोऱ्या वह्या आठवत होत्या. त्याने त्यांत पाचवीची गणितं केली होती, म्हणाला.

अब्बांना ओळखणारं त्या पेठेत एवढंच एक माणूस उरलं आहे. पहिल्या दिवशी दारातच खरं बोलले असते तर त्या बाईंनी मला बोळात नेलं नसतं, आणि अब्बांबद्दल काय बोललं जातं तेही मला कधी कळलं नसतं. ते न कळणं बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्या दुकानासमोर मी गप्प राहिले ते दोन मिनिटांचं होतं आणि खाली जाऊन बोलले तेही दोन मिनिटांचंच. त्यातलं गप्प राहणंच मला जास्त स्पष्ट आठवतं.