शेळी आत, आक्का बाहेर

बुधवार, सकाळी अकरा. कामगार ये-जा समितीची पहिली बैठक. हजर : आक्का. गैरहजर : औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजक संघटनेचे अध्यक्ष, आमच्या युनिटचे शेठ, सुरक्षेचे ठेकेदार आणि मी.

समितीची सचिव म्हणून इतिवृत्त मीच लिहीत होते. मी वरच्या मजल्यावर पंख्याखाली चहाचा कप घेऊन बसले होते, तरी नोंद अशी झाली, कारण आक्का जिन्याखाली होत्या. विषय होता, कामगारांची वसाहतीत ये-जा सोपी कशी करायची. आणि कामगारांच्या प्रतिनिधीला बैठकीतच येता येत नव्हतं. शिपाई खुर्ची घेऊन त्यांना उचलून आणायला गेला. आक्कांनी तळहात पुढं केला.

"हात लावायचा न्हाय."

मी कठड्यावरून वाकले. "आक्का, दोन मिनिटांत वर आणतो तुम्हाला."

"वर आणायला मी काय पाण्याचा जार हाय? मी येळेवर आलेय मॅडम. तुमीच लोक आला न्हाईत अजून. तसंच लिवा."

आम्ही खाली आलो. बैठक बदामाच्या झाडाखाली, उभ्या मोटारसायकलींच्या सीटवर टेकून झाली. अध्यक्षांनी सही करताना हजेरी दोनदा वाचली, माझ्याकडं पाहिलं, आक्कांकडं पाहिलं आणि सही केली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण मदत करायला म्हणून जातो आणि ते आपल्यालाच कामाला लावतं. आक्का तशा होत्या.

लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. जमिनीवर त्या हातांवर चालायच्या, हातांत रबरी चपला घालून. खांदे पैलवानाचे. घर अणदूरच्या बाजूचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. पाऊसकाळ सरला की घरचे बिऱ्हाड घोड्यावर लादून कळपामागं निघायचे. "घोड्यावर भांडी, कोंबड्या आन् मी," आक्का सांगायच्या. "समद्यांना एकाच दोरीनं बांधायचे. कोंबड्या निदान वरडायच्या तरी. मी गप बसून ठरवलं, मोठी झाले की कुणाला उचलू द्यायचं न्हाय."

आमच्या युनिटमध्ये शाळेचे गणवेश शिवले जातात. आक्का तपासणीला होत्या. सदरा टेबलावर पसरायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, आणि पटला नाही तर तो हवेतून थेट शिवणारीच्या मांडीवर. "ह्यो घालून पोरगं पाढे म्हणायला उभं राहिलं तर गुरुजी कॉलरच बघत बसतील." त्यांच्या टेबलाजवळून जाताना शेठसुद्धा नकळत स्वतःची कॉलर चाचपायचे.

कामावर यायची त्यांची रीत ठरलेली होती. गावाकडून वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपनं महामार्गावरच्या फाट्यापर्यंत. फाट्यावर पंक्चरवाल्याच्या टपरीला त्यांची हातानं चालवायची तीनचाकी साखळीनं बांधलेली असे. तिथून गेटपर्यंतचा रस्ता त्या हातांनी पेडल फिरवत एकट्या यायच्या. मागून कुणी हॉर्न वाजवलाच तर मान न वळवता म्हणायच्या, "रस्ता तुझ्या बापाचा बी हाय आन् माझ्या बी."

त्या वर्षी वसाहत हिरवी करायचं ठरलं होतं. रस्त्याकडेला झाडं लागली. 'सायकलने या' असे फलक लागले. मग आजूबाजूच्या शेळ्या येऊन झाडं खाऊ लागल्या. म्हणून गेटातच रस्त्यावर आडवा चर खणून त्यावर लोखंडी पाइपांची जाळी बसवली. पाइपांमध्ये फटी ठेवलेल्या, म्हणजे जनावराचा पाय घसरेल आणि ते माघारी फिरेल. ट्रक तिच्यावरून खडखडत जायचे. ज्यांना आम्ही सायकलने या म्हटलं होतं, त्या मुली गेटात उतरून ओढण्या सावरत सायकली ढकलायच्या. आणि आक्कांच्या तीनचाकीचं पुढचं चाक पहिल्याच फटीत रुतलं.

वॉचमन धावला. "थांबा आक्का, उचलतो."

"हात लावायचा न्हाय. आधी सांग, हे कशापायी बसवलंय?"

"शेळ्यांसाठी."

मी तेव्हा गेटातच होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एक काळी शेळी दोन पावलं मागं सरली, जाळीवरून उडी मारून आत गेली आणि नव्या झाडाचा शेंडा खाऊ लागली.

आक्कांनी तिच्याकडं बोट केलं. "बघ भाऊ. शेळी आत, आक्का बाहेर. आता खरं सांग, जाळी कुणासाठी बसवली?"

मागं ट्रकांची रांग लागली. एक ड्रायव्हर उतरून आला. "ओ मावशी, बाजूला व्हा की. माल पोचवायचाय."

"मला बी ड्युटीवर पोचायचंय. आत बसलेल्या साहेबांना बोलव जा. तवर चहा पी."

शेठ चालत गेटावर आले तेव्हाच रांग हलली. गोदामातून एक जाड फळी आणून जाळीवर टाकली आणि आक्का स्वतःच्या हातांनी पेडल मारत आत गेल्या. पण फळी ठेवली की शेळ्याही तिच्यावरून शिस्तीत चालत येत. त्यामुळं आक्का आत गेल्या की वॉचमन ती उचलून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या येऊन "फळी!" म्हणून ओरडेपर्यंत ती भिंतीला टेकलेली असायची. कधी वॉचमन जाग्यावर नसायचा. मग पुन्हा रांग, पुन्हा हॉर्न.

शेठ वाईट माणूस नाही. त्यांनी त्यांच्या परीनं तोड काढली. टेम्पो गणवेशांचे गठ्ठे आक्कांच्या घरी पोचवील, त्यांनी घरीच तपासावेत. "एवढी धडपड कशाला आक्का? घरबसल्या काम होतंय."

"साहेब, घरबसल्या मी लई वर्सं बसले. काम तर पायजेच. पर कामावर यायचं बी पायजे."

"रोज गेट अडवून कसं चालेल?"

"गेट मी अडवलं न्हाय. गेटानं मला अडवलंय."

शेठ म्हणाले, महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर गठ्ठे घरी. त्या दिवशी आक्कांनी इतके सदरे परत फेकले की शिवणविभागात जेवणाची सुट्टी उशिरा झाली.

मी माझ्या कामांच्या यादीत गेट पहिल्या जागी नेलं आणि दुसरी बैठक बोलावली, या वेळी थेट झाडाखाली. मी म्हटलं, जाळी काढा. ठेकेदार म्हणाले, "मग झाडं गेली तर जबाबदार कोण?" अध्यक्षांनी विचारलं, "पण शेळ्या नेमक्या आहेत कुणाच्या?" कुणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

"माझ्या चुलतभावाच्या," आक्का म्हणाल्या.

ठेकेदार उभेच राहिले. "म्हणजे तुमच्याच घरच्या शेळ्या! आणि वर तुम्हीच तक्रार करता?"

"व्हय, करते. तुमी तारा मारल्या त्याआधी हे समदं चराईचं रान होतं. शेळीला काय ठावं, आता इथं मिटिंगा व्हत्यात?" मग त्या अध्यक्षांकडं वळल्या. "तुमी छाटलेली सुबाभूळ मागं नेऊन जाळता. धुरानं आमचे डोळे जात्यात. तो पाला गेटाबाहेर टाका. शेळ्या भाईर खातील, मी आत जाईन."

"आणि तरी आत आल्या तर?" ठेकेदारांनी विचारलं.

"तर भावाला मी बघते."

तो भाऊ मी तोवर पाहिलाही नव्हता, पण मला त्याची काळजी वाटली.

शनिवारी तो आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आक्कांसमोर तो शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला आणि प्रत्येक वाक्याला "व्हय आक्का" म्हणाला. छाटणीच्या दिवशी पाला गेटाबाहेर पडेल आणि शेळ्या आत येणार नाहीत, असं ठरलं. जाळी पूर्ण काढायला ठेकेदार शेवटपर्यंत तयार झाले नाहीत, आपण बसवलेली वस्तू आपणच कशी काढायची म्हणून. मग अर्ध्या रुंदीवर लोखंडी पत्रा कायमचा वेल्डिंग करून घेतला. महिना सरायच्या आत.

त्या सकाळी आक्का पत्र्यावरून आत आल्या आणि त्यांच्यामागून सायकलवाल्या मुली, एकही न उतरता. मुलींनी घंट्या वाजवल्या, कुणीतरी टाळी वाजवणार होतं. आक्कांनी मागं वळून डोळे वटारले. "वरात हाय का ही? चला, मशिनी चालू करा."

मला वाटलं, काम झालं. यादी करणाऱ्या माणसाला असं फार लवकर वाटतं. गेट झालं आणि रस्ता तुटला.

महामार्ग रुंद झाला. फाट्यावर उड्डाणपूल आला. जीपवाल्यानं वडाप सोडून दुसरा धंदा धरला. उरली बस. पुलाखालच्या सेवारस्त्यानं आली तर ती फाट्यावर थांबते, पण मंगळवारी आणि शुक्रवारी तुळजापूरच्या भाविकांनी भरलेली असते आणि तडक पुलावरून जाते. आक्का दांड्याला धरून, एकेका पायरीवर बसत, हातांच्या जोरावर बसमध्ये चढायच्या. आणि कंडक्टर सांगायचा, आज गाडी खाली उतरणार नाही.

"दोनदा तुळजापूरच्या स्टँडवर जाऊन माघारी आले," त्या मला म्हणाल्या. "देवीला वाटलं आसंल, ही बाई दारातनंच का परत चाललीय? म्या मनातच सांगितलं, आई, रागावू नको, मी दर्शनाला न्हाय, ड्युटीला निघालेय."

मी आगारात गेले. अर्ज द्या म्हणाले, दिला. वर पाठवलाय म्हणाले. पुन्हा गेले. तोवर मंगळवार-शुक्रवार आक्कांची गैरहजेरी लागत होती, आणि शेठनी जुनाच उपाय नव्यानं काढला. फक्त ते दोन दिवस गठ्ठे घरी.

आक्कांनी हातातला सदरा नीट घडी करून ठेवला. मी त्यांना इतक्या शांतपणे काही ठेवताना पाहिलं नव्हतं.

"साहेब, आज दोन दिस. उद्या समदे दिस. मग पत्रा कशाला पायजे, म्हणून तो बी काढाल." त्या माझ्याकडं वळल्या. "आपल्या जिल्ह्यातल्या वाशीला माझी भाची हाय, नर्स. तिथं कपड्याचं शेड निघालंय. बस दारात थांबतीय. मी सोमवारपासनं तिकडं चालले."

"आक्का, मी पाठपुरावा करतेय. थोडे दिवस थांबा."

"मी तुमच्यावर रुसून जात न्हाय मॅडम. मी कामावर चाललेय. तुमी पाठपुरावा सोडू नका. ती बस माझ्या एकटीची हाय का?"

निघायच्या दिवशी टेम्पोत आपली तीनचाकी चढवताना आक्कांनी चार जणांना हुकूम सोडले. "गाडीला हात लावा. मला न्हाय." मग ड्रायव्हरशेजारच्या सीटची कड धरून त्या स्वतः चढल्या, हातातल्या चपला काढून मांडीवर ठेवल्या आणि दार ओढून घेतलं.

पोचल्यावर फोन आला. मी विचारलं, कसं आहे शेड?

"शेड बरं हाय. दाराला तीन पायऱ्या हायेत. गेल्या गेल्या मालकाला सांगितलंय, उतार करा. तो म्हणतो बघू. म्हणलं, बघा, मी हितंच बसलेय." मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

त्यांच्या टेबलावर आता दुसरी बाई बसते. चांगली आहे, पण सदरे फेकत नाही.

आमच्या शिवणविभागातल्या बऱ्याच जणी त्याच बसनं येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या अलीकडच्या गावाला उतरून धुळीतून चालत येतात. गेल्या शुक्रवारी मी आणि सायकलवाल्या मुली, जिथून सेवारस्ता फुटतो तिथं, रस्त्याकडेला ओळीनं उभ्या राहिलो. गाडी आली. मी हात केला. ड्रायव्हरनं पाहिलं, वेग कमी केला, दारातल्या कंडक्टरनं त्याला काहीतरी सांगितलं आणि गाडी पुलावर चढली. खिडकीतल्या दोन बायका मागं वळून आमच्याकडं बघत राहिल्या.

मंगळवारी पुन्हा उभं राहायचं आहे, या वेळी जरा रस्त्याच्या आत. बस खालच्या रस्त्यानं वळवणं अजून बाकी आहे.