मांडुळाच्या पेटीत भाताचं तूस

मंडळी, आज वाचनालयाच्या फळ्यावर बातम्या नाहीत. माझा संताप वाचा.

मी पाळलेलं मांडूळ, म्हणजे बिनविषारी साप, पेटीत मऊ मातीत राहतं. ती माती ओलावली, म्हणून सकाळी घरकामाच्या मावशींना पडवीतली कोरडी माती खणून भरायला सांगितलं.

संध्याकाळी बघतो, तर पेटीत कामशेतच्या गिरणीतलं भाताचं तूस! उंदीर गिळताना तुसाची कुसळं मांडुळाच्या तोंडात घुसून रक्त आलेलं.

"भाऊ, आज नागपंचमी. माती खनायची न्हाई, नागाला लागतं," मावशी म्हणाल्या.

अहो मंडळी, सण म्हणून दिवसभर तुम्हीही माझ्या घरी येऊन पेटीपुढं हात जोडून गेलात. न दिसणाऱ्या नागासाठी कुदळ थांबते. मग या समोरच्या जिवाचं अंथरूण टोचतंय का, हे एकालाही हात घालून बघावंसं वाटलं नाही?