दादाचं वजन उतरलं तेव्हा आम्ही खूश होतो

आज दुपारी दादाचा रिपोर्ट आला. आतड्याचा कॅन्सर आहे.

दादा माझा मोठा भाऊ, तळोज्याला कंपनीत सुपरवायझर. सहा महिने त्याचं पोट बिघडलेलं. मीच त्याला रोज ताक आणि प्रोबायोटिकच्या गोळ्या देत होते. वजन आठ किलो उतरलं, तेव्हा मी याच ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. तुम्हीही किती कौतुक केलंत!

हॉस्पिटलमधून निघताना रिक्षात मला रडू फुटलं. "माझंच चुकलं रे. आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

"येडी आहेस का? तुझ्या ताकानेच जरा बरं वाटायचं," म्हणत तोच माझे डोळे पुसत राहिला.

तुमच्या घरी कुणाचं वजन काही न करता उतरतंय का? कौतुक नंतर करा, आधी तपासून घ्या.