पाय धुवायचं पाणी

सोसायटीचा सेक्रेटरी मी झालो, तो दुसऱ्या कुणालाच व्हायचं नव्हतं म्हणून. त्या उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी दाबाने येत होतं, गच्चीवरच्या टाक्या भरत नव्हत्या, सारखे टँकर मागवावे लागत. मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि पाणी वाचवण्यावर बोललो. कळकळीने बोललो, हे आजही म्हणेन. इगतपुरीकडे धो धो पाऊस पडतो, आणि तिथल्याच बायका उन्हाळा लागला की हंडे घेऊन विहिरी शोधतात. ते पाणी आपण इथे नाशकात बसून वापरतो, वगैरे. टाळ्या पडल्या.

मीटिंग आटोपून पार्किंगमध्ये उतरलो, तर तळमजल्यावरचे गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते. बांधकामाच्या धंद्यातला माणूस. आवाज मोठा, ओळखी त्याहून मोठ्या.

"काय सेक्रेटरी साहेब, भाषण झकास झालं म्हणे!" पाइप हातात तसाच धरून ते म्हणाले.

"चाललंय आपलं," मी हसून म्हणालो आणि जिना चढलो.

तिथे जे तोंडातून निघालं नाही, ते घरात निघालं. फ्लश ओढायचा नाही. वॉशिंग मशीनमधून निघालेलं पाणी टबात साठवून संडासात ठेवायचं आणि तेच मगाने ओतायचं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. पाहुण्याला अर्धाच ग्लास. बायकोने थोडे दिवस कुरकुर केली. आईने तीही केली नाही.

आई मखमलाबादच्या मळ्यातली. मेथी, कोथिंबीर, झेंडू पहाटे बाजारात नेणारं घर. पाणी कसं जपायचं हे तिला मी शिकवण्यासारखं काहीच नव्हतं. पण तिची एक सवय होती. लघवीला जाऊन आली तरी ती घोट्यापर्यंत पाय धुणार. त्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही, देवाजवळ तर नाहीच, पलंगावरसुद्धा बसायची नाही. आणि टबातलं कपड्यांचं पाणी त्यासाठी तिला चालायचं नाही. ते ओवळं पाणी. म्हणजे नळ आलाच. त्यात वयामुळे तिला सारखं जावं लागायचं.

त्या नळाचा आवाज बाहेर मला ऐकू यायचा. एका सकाळी मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "आई, परत?"

"अरे, तांब्याभर तर घेतलं."

"दिवसभराचे किती तांबे होतात? आणि पायांना लागलंय काय तुझ्या? घरातून घरातच तर येतेस."

"अहो, राहू द्या ना," आतून बायको म्हणाली. "आईंच्या पायांनी गंगापूर धरण आटायचंय का?"

"प्रत्येक जण असंच म्हणतो," मी म्हणालो.

आई हसली. "बरं बाबा, सेक्रेटरी. तुझंच खरं." आणि पदराने पाय पुसत आत गेली.

त्यानंतर नळ कमी वाजू लागला. मला बरं वाटलं. ती ओल्या फडक्याने पाय पुसत असेल, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही. पुढच्या मीटिंगमध्ये तर मी सांगूनही टाकलं, की माझ्या आईने या वयात आपली सवय बदलली, मग आपल्याला काय अवघड आहे? त्या दिवशीही टाळ्या पडल्या.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी कोथिंबीर निवडता निवडता आई बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात सलाइन लावलं. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी झालेलं, किडन्यांवर ताण आलेला.

"आजी, पाणी पीत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "पिते की. तहानच नाय लागत मला."

ओझरहून माझी बहीण आली. आईची वेणी घालताना तिने तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, आई पाणी का पीत नाही, माहितीये? प्यायलं की जावं लागतं. गेलं की पाय धुवावे लागतात. धुतले की तू बोलतोस. न धुता घरात वावरणं तिला जमेना. म्हणून तिने पाणीच सोडलं."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! वर मला म्हणते, दादाला बोलू नको, सोसायटीत त्याचा मान आहे."

आईला घरी आणलं त्या दिवशी मी टब उचलून बाहेर ठेवला आणि तिच्याजवळ बसून म्हणालो, "आई, चुकलं माझं. तुला लागेल तितकं पाणी घे. मी काही बोलणार नाही."

"चुकलं कसलं? बरोबरच सांगत होतास तू. पाणी वाया घालवूच नये माणसाने."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मनापासून बोलत होती. माझं भाषण पटलेलं ते एकच माणूस निघालं.

डॉक्टरांनी बजावलंय, किडन्या आता पहिल्यासारख्या होणार नाहीत. दिवसभर थोडं थोडं पाणी पोटात जायलाच हवं. मी तिच्या उशाशी बाटली भरून ठेवतो. "पी गं आई," म्हटलं की ती घोटभर घेते, माझ्याकडे बघते आणि झाकण लावून टाकते. उठून गेली तरी नळ इतका बारीक सोडते, की पाय नीट भिजतही नसतील.

मध्यंतरी बायको म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. तुम्ही ऑफिसला गेलात ना, की त्या व्यवस्थित पितात. पायही धुतात भरपूर. तुम्ही घरात असलात की मात्र बाटली तशीच."

तेव्हापासून रविवारी चहा झाला की मी चपला घालतो.

"सुट्टीच्या दिवशी कुठे रे निघालास?" आई विचारते.

"जरा काम आहे."

काम काहीच नसतं. जॉगिंग ट्रॅकवर झाडाखालच्या बाकावर बसून राहतो. जेवायची वेळ झाली की घरी फोन लावतो.

"अर्धी बाटली झालीये," बायको हळू आवाजात सांगते. "अजून थोडा वेळ येऊ नका."