एकशे पंधरा ओहम

आमच्या धाकट्या काकांना अख्खा बाजार ‘भागिले’ म्हणायचा. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात इस्त्री येवो, शेगडी येवो, काका आधी मीटर लावणार. व्होल्ट भागिले अँपिअर करून तारेचा रोध काढणार, व्होल्ट गुणिले अँपिअर करून वॅट सांगणार, आणि मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावणार. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी भागाकार. अंदाजाने काम करणाऱ्यांची त्यांना मनस्वी चीड होती. माणूस सरळ, पण आपल्या आकड्यापुढे कुणाचं ऐकायचं नाही. त्यांचा एक आकडा चुकला आणि चुकलाय हे कळल्यावरही ते गप्प बसले. ते मी लिहितेय, कारण त्या पापात माझाही वाटा आहे.

मी दहा वर्षांची असताना आईने अंडी उबवून पिल्लं विकायचं मनावर घेतलं. तिने एक जुनी उबवणपेटी मिळवली. पेटीचा हीटर जळालेला होता. बाबांनी “कर काय करायचं ते” म्हणून अंग काढून घेतलं, तेव्हा आई दिराकडे गेली. काका रविवारी मीटर घेऊन घरी आले. प्लगमध्ये तारा घालून बघितलं तर दोनशे तीस व्होल्ट. पेटी मोजून, भिंतींची जाडी बघून त्यांनी ठरवलं की साडेचारशे वॅट पुरे. दोन अँपिअर प्रवाह धरला. दोनशे तीस भागिले दोन, एकशे पंधरा ओहम. दोनशे तीस गुणिले दोन, चारशे साठ वॅट. तेवढीच तार त्यांनी मोजून कापली आणि गुंडाळून बसवली.

“थोडा जास्तीचा नको का हीटर?” आईने विचारलं.

“जास्तीचं म्हणजे वाया, वहिनी. गणित आहे हे.”

आईने तीनशे अंडी लावली. चौथ्या दिवशी ती दुकानात गेली, मी तिच्याबरोबर होते.

“भाऊजी, दिवसा पेटीचा काटा खाली येतो हो. हीटर चालू असल्याचा तो लाल दिवा विझतच नाही. संध्याकाळनंतर मात्र सगळं ठीक असतं.”

काकांनी हातातल्या इस्त्रीवरून नजरसुद्धा उचलली नाही. “रात्री तुम्ही झोपता. दिवसा सारखं दार उघडून बघता. गेलेली ऊब परत यायला वेळ लागतो. जरा धीर धरा.”

मला ते अगदी पटलं. आईलाही पटलं. तिने पेटीच्या कडीला सुतळी बांधली. अंडी फिरवायला दिवसातून तीनदा दार उघडणं भागच होतं, तेवढ्यापुरती ती गाठ सोडायची आणि घाईघाईने परत बांधायची. तरी दिवसा काटा उतरायचा तो उतरायचाच, आणि ती आपल्या हातांना दोष द्यायची.

बाविसाव्या दिवशी तीनशेतून अकरा पिल्लं बाहेर आली. दुपारपर्यंत तीही गेली. काका बघायला आले तेव्हा आई पेटीसमोर जमिनीवर बसली होती. शेजारच्या लाकूड कापायच्या गिरणीतली करवत कान किटवत होती. ती गिरणी रविवार सोडून रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायची, आणि आमचं घर विजेच्या त्याच तारेवर, गिरणीच्या पुढे, अगदी टोकाला.

काकांनी मीटर लावला. एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट, बाकीचे गिरणीने ओढलेले.

त्यांना कागद लागला नाही. एकशे चौऱ्याऐंशी भागिले एकशे पंधरा, एक पूर्णांक सहा अँपिअर. गुणाकार केला तर जेमतेम दोनशे चौऱ्याण्णव वॅट. व्होल्ट पाचव्या हिश्श्याने उतरले की प्रवाहही तेवढाच उतरतो, मार दोन्हीकडून बसतो आणि ऊब तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते. ज्या माणसाने जन्मभर हेच केलं, तो गिरणी बंद असलेल्या दिवशी व्होल्ट मोजून गेला होता.

“माझंच चुकलं, भाऊजी,” आई म्हणाली. “मला मेलीला धीरच नाही.”

काकांनी मीटर खिशात घातला. “होतं असं, वहिनी,” म्हणाले आणि निघून गेले.

पेटी भंगारात गेली. आईला धीर नाही, ही मात्र घरातली कायमची थट्टा झाली. कुकरचं झाकण काढताना ती बिचकून विचारायची, “उघडू का गं?” आणि मी ओरडायची, “थांब, पिल्लं मरतील!” सगळे खो खो हसायचे. आईसुद्धा हसायची. तिने पुन्हा स्वतःचं असं काही सुरू केलं नाही, आणि का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

तीस वर्षं गेली. काकांनी दुकान बंद केलं. परवा ते जेवायला आले होते. आईने कुकरला हात लावला आणि माझी मुलगी माझ्याच आवाजात ओरडली, “थांब आजी, पिल्लं मरतील!” सगळे हसले. काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

“वहिनी, दार उघडण्याने काही झालं नव्हतं,” ते म्हणाले. “माझी तार चुकली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मग त्यांनी रविवार, गिरणी, एकशे चौऱ्याऐंशी, सगळं सांगितलं. पोरीला काही कळलं नाही. आईला सगळं कळलं. तिने कुकरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

“तेव्हाच सांगितलं असतंत,” ती म्हणाली, “तर मी परत अंडी लावली असती, भाऊजी.”

“आता लावू या. मी नवी तार घालून देतो, चांगली जास्तीची.”

“आता सत्तरी उलटली माझी.”

तिने काकांच्या ताटात भात वाढला, मग माझ्या. दोघांच्याही तोंडून “पुरे” निघालं नाही.