चिंचेने घासलेल्या पेन्या

शॉमबर्ग या उपनगरातलं घर घेतलं तेव्हा तळघरात आधीचा मालक कॉफीचा एक डबा विसरून गेला होता. आत पेन्या. एका सेंटचं हे नाणं रस्त्यात पडलेलं दिसलं तरी मी कधी वाकून उचललं नव्हतं. पण सरकारने ते पाडणं थांबवलं आणि ऑफिसात जो तो घरातल्या बरण्या उपसायला लागला. जुनी कशी ओळखायची, कुठल्या सालची चालते, किती येतील? भरभक्कम पगार घेणारी माणसं एका सेंटपायी वेडी झाली होती, आणि मी त्यांच्यात सामील होते, याचा मला अजून संताप येतो.

डब्यातून मी सात निवडल्या. पुढचा दाढीवाला अध्यक्ष नव्या पेनीवरही असतो, पण या सातांच्या मागे गव्हाच्या दोन ओंब्या होत्या आणि रंग काळपट तपकिरी. टीममधला एक नागपूरकर फोटो बघून म्हणाला, "यार, ही तिसरी कुणाला तरी दाखव. पाचशे डॉलरसुद्धा देतील." मी मनातल्या मनात ते पाचशे खर्चही करून टाकले.

साती एका वाटीत घालून ओट्यावर ठेवल्या आणि कामावर गेले. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. तिला गाडी चालवता येत नाही, भांडी मशीन घासतं, दिवसभर करायचं काय? संध्याकाळी आले तर वाटी लखलखत होती. देवाचं तांब्याचं ताम्हन घासावं तशी तिने एकेक पेनी चिंच-मीठ लावून घासली होती, पार गुलाबी होईपर्यंत.

"किती कळकटल्या होत्या गं," ती कौतुकाची वाट बघत म्हणाली.

तरीही शनिवारी मी तिला घेऊन जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने भिंगातून एक पाहिली, दुसरी पाहिली आणि हसला. घासलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत, म्हणाला, तसंच काळं ठेवलं असतंत तर बोललो असतो, आता प्रत्येकी एक सेंट. मळ असला तर मोल आणि स्वच्छ केलं तर कवडीमोल, हा कुठला न्याय? पण त्याला मी गोड हसून थँक्यू म्हटलं. राग काढायला हक्काचं माणूस बरोबर होतंच.

"काय म्हणाला तो?" आईने गाडीत विचारलं.

"तुला कुणी सांगितलं होतं घासायला? या घरात मला विचारल्याशिवाय कशाला हात लावत जाऊ नकोस. कशालाच."

"बरं," ती म्हणाली.

पाचशे डॉलरवाचून माझं काहीही अडलं नव्हतं. पेन्या घासायच्या नसतात, हे मी तिला सांगितलंही नव्हतं. दोन्ही गोष्टी मला तेव्हाच ठाऊक होत्या.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता खाली आले तर ती टेबलाशी बसून होती, चहा न घेता. "साखरेचा डबा घेऊ का?" तिने विचारलं. त्यात टोमणा असता तर मी भांडले असते. तो नव्हता. पुढचे दोन महिने ती असंच विचारत राहिली आणि मी दर वेळी खेकसत राहिले, "घे ना आई, विचारतेस काय?"

जायच्या दिवशी ती बॅग भरत होती. येताना घरून आणलेला स्वतःचा पंचा तिने हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा मी नेऊ ना?"